पांढऱ्या पिलाचं जावळ

बिरदेव मेटकरी घाटात गेला, त्या सकाळच्या पंचनाम्यात मेलेल्या बावीस मेंढरांचे रंग आणि कानांच्या खुणा लिहिल्या होत्या. बिरदेवाबद्दल मात्र नुसतं ‘अनोळखी इसम, वय अंदाजे तीस’ एवढंच होतं. कोकणातून आटपाडीकडं परतताना वळणावर मालट्रक कळपात शिरला होता. त्याची बायको हरणाबाई घोड्यावर बिऱ्हाड लादून अर्धा कोस मागनं येत होती. पाच वर्षांची राणी घोड्याच्या पाठीवर भांड्याकुंड्यांत बसलेली. हरणाबाई पोचली, तिनं नाव सांगितलं, तेव्हा हवालदारानं ‘अनोळखी’ खोडून वर बिरदेव लिहिलं.

दीर नानासो म्हणाला, “वैनी, ऱ्हावा हितंच. कळप काय माझ्या एकट्याचा हाय?” माणूस वाईट नव्हता. पण हरणाबाईला रस्ताच नको झाला होता. ट्रकचा हॉर्न ऐकला की तिचे पाय जागीच थिजायचे. माधवनगरला तिची एक मावशी होती. तिथली कापडगिरणी बंद पडली तरी मावशीनं चाळीतली खोली सोडली नव्हती. पोरीला घेऊन हरणाबाई तिच्याकडं आली, आणि मावशीच्याच ओळखीनं एका जुन्या कॉलेजात झाडलोटीला लागली.

त्या कॉलेजात प्राणिशास्त्राचं एक म्युझियम होतं. लांबुळकी अंधारी खोली, बरण्यांत बुडवलेले साप, भुसा भरून उभे केलेले प्राणी आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. तिथलं काम कुणी शिपाई घ्यायला मागत नसे. तेव्हाचे हेड होते हंबीरराव पाटील सर. त्यांनी हिला बोलावून विचारलं, “भीती वाटते का गं?”

“मेल्याली हायत न्हवं ही?” हरणाबाई म्हणाली. “मग कशाचं भ्या?”

सर मोठ्यानं हसले आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांनी तिच्या हातात दिला. ते हरणाबाई कधी विसरली नाही. रोज सकाळी देवापुढं हात जोडताना ती आधी आरेवाडीच्या बिरोबाचं नाव घ्यायची आणि मग सरांचं. अकरा महिन्यांचा हुकूम निघायचा, आठ दिवस घरी बसायचं, की परत नवा हुकूम. असं करत सतरा वर्षं झाली. सर निवृत्त होऊन संस्थेच्या मंडळावर गेले, त्यांच्या जागी रेश्मा पवार मॅडम आल्या, मावशी वारली. किल्ल्या मात्र हरणाबाईकडंच राहिल्या.

तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं. लेबलावरची इंग्रजी नावं तिला वाचता येत नव्हती आणि त्याचं तिला काही वाटतही नसे. दीडशे मेंढरांतलं एक कमी झालं तर धनगराची बाई मोजत बसत नाही. ती नुसती नजर टाकते, आणि कळपात नसलेलं तोंड तिला बरोबर कळतं. तसंच तिनं म्युझियम सांभाळलं. कुठल्या घुबडाचा डोळा सैल झालाय, कुठल्या मुंगसाची शेपटी परीक्षेला आलेल्या पोरांनी ओढलीय, हे ती दार उघडल्या उघडल्या सांगायची.

त्या म्युझियममध्ये दोन सील होते, बर्फाळ समुद्रातले प्राणी. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या प्राचार्यांनी कुठल्या परदेशी कॉलेजाशी अदलाबदल करून लाकडी पेटीतून ते मागवले होते. एक मोठी मादी, रुपेरी अंगाची, काळ्या तोंडाची, आणि पाठीवर दोन्ही बाजूंनी उतरलेला काळा वाकडा पट्टा. दुसरं कोकराएवढं पिल्लू, पांढरंशुभ्र, तोंड जरासं उघडलेलं. मादी खोलीच्या एका टोकाला होती, पिल्लू दुसऱ्या टोकाला. पहिल्या दिवशी ते पिल्लू बघून हरणाबाई म्हणाली होती, “ह्याला कानच न्हाईत. मग मालक खूण कुठं करतो?” तो विनोद पुढं कितीतरी वर्षं सर पाहुण्यांना सांगायचे.

राणी ह्याच खोलीत वाढली. शाळा सुटली की आईच्या शेजारी, फरशीवर पाटी घेऊन. मराठी शाळेतनं वर आली, ह्याच कॉलेजात बीएस्सी झाली, आणि आता एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला तिनं प्रोजेक्ट घेतला होता म्युझियममधल्या सस्तन प्राण्यांची नावं आणि वर्गवारी नव्यानं तपासण्याचा. मार्गदर्शक रेश्मा मॅडम. पुण्याच्या एका संशोधनाच्या कामात राणीची निवड झाली होती. प्रोजेक्ट पास झाला की जूनमध्ये तिथं हजर व्हायचं. हरणाबाईनं निवडीची चिठ्ठी देव्हाऱ्यातच ठेवली होती.

माघाच्या एका दुपारी राणी मादीचं जुनं लेबल उतरवून घेत होती आणि हरणाबाई काच पुसत होती.

“आये, हे नाव जुनं झालं,” राणी म्हणाली. “हितं फोका ग्रोएनलँडिका लिवलंय. आता हिला पॅगोफिलस ग्रोएनलँडिकस म्हणत्यात.”

“म्हंजी? लगीन लावलं व्हय कुणी तिचं?”

राणीला हसू आवरेना. “लगीन न्हाई गं. पहिलं नाव कुळाचं, दुसरं जिचं तिचं. सतराशे सत्त्याहत्तर साली एर्क्सलेबेन नावाच्या एका जर्मन पंडितानं हिला फोकाच्या कुळात घातलं. पुढं दुसऱ्या एकानं तपासलं, तर त्याला ही वेगळी वाटली, म्हणून त्यानं हिचं कूळच वेगळं काढलं. पॅगोफिलस म्हंजी बर्फाची ओढ असणारं. आन् ग्रोएनलँडिकस म्हंजी ग्रीनलँडचं.”

“म्हंजी गाव नावात हाय. आपण माडग्याळी मेंढरू म्हणतो तसं.”

“तसंच. साधं नाव हार्प सील. हार्प म्हंजी तारांचं एक वाद्य असतंय. पाठीवरचा हा काळा पट्टा तसा दिसतो म्हणून.”

हरणाबाईनं पाठीकडं मान वाकडी करून पाहिलं. “मला तर घोंगडं खांद्यावरनं घसरल्यागत दिसतंय. बरं, ते ऱ्हाऊ दे. पर ह्या मायलेकरास्नी दोन टोकांला का ठिवलंय, ते सांग. सतरा वर्सं इचारीन म्हणती.”

“कोण मायलेकरं?”

“ही, आन् ते पांढरं.”

“ते वेगळं हाय, आये. ते ग्रे सीलचं पिल्लू. त्याचं नाव हॅलिकीरस ग्रायपस. बाकदार नाकाचं समुद्री डुक्कर, असा अर्थ होतो.”

“बाकदार?” हरणाबाईनं फडकं खांद्यावर टाकलं आणि ती पिलाच्या कपाटापाशी जाऊन उभी राहिली. “हिकडं ये. माडग्याळी कोकरू दोन दिसाचं असलं तरी पोपटाच्या चोचीगत नाक घिऊन येतं. ह्याचं बघ, पट्टी लावल्यागत सरळ. आन् हा पांढरा काय त्याचा रंग न्हवं. जावळ हाय ते, पोटातनं आणल्यालं. मुळाशी फुकर मारून बघ, खालनं करडं फुटाय लागलंय. चार दिस जगलं असतं तर समदं झडून गेलं असतं.”

राणी आधी हसली, मग वाकून तिनं पिलाचं नाक बघितलं. ग्रे सीलची पिल्लंही पांढरीच जन्मतात आणि त्यांच्या नाकाला बाक येतो तो मोठेपणी, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे आईचं बोलणं पुरावा नव्हतं. पण ते पिल्लू ग्रे सीलचंच आहे ह्यालाही पुरावा नव्हता. कुणीतरी पांढरं बघितलं आणि नाव लिहिलं, एवढंच.

“रंगावर, केसांवर जायचं नसतं, आये,” ती सावकाश म्हणाली. “खरं नाव हाडांवर आन् दातांवर ठरतं. दात बघाय पायजेत.”

“मग बघ की. दात बघितल्याबिगर मेंढरू तरी कोण घेतं?”

दुसऱ्या दिवशी राणीनं दातांच्या डॉक्टरांकडचा बारका आरसा मागून आणला. हरणाबाईनं कपाट उघडलं, मोबाइलची बॅटरी धरली. दाढा नुकत्याच वर आलेल्या होत्या. ग्रे सीलची दाढ म्हणजे बहुतेक एकटा सुळका. ह्या दाढांना मधल्या टोकाच्या मागंपुढं अजून बारकी टोकं होती. राणीनं तीन-तीनदा पाहिलं. मग खाली फरशीवर बसली.

“तुझंच खरं हाय गं,” ती म्हणाली. “हिचंच पिल्लू हाय. हिचं म्हंजी, हिच्या जातीचं.”

रेश्मा मॅडमनी ते ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “राणी, हे लेबल कुणी लिहिलंय, ठाऊक आहे ना?”

लेबल हंबीरराव सरांचं होतं. म्युझियमवर त्यांनी एक पुस्तिका काढली होती, आणि दोन जातींचे सील असलेलं ह्या भागातलं एकमेव म्युझियम, हे तिच्या पहिल्याच पानावर होतं. पुस्तिकेवर सरांचा सत्कार झाला होता. मॅडम भित्र्या होत्या, पण खोट्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “एक करू. अठरा तारखेला, सोमवारी, विद्यापीठाचे परीक्षक येणार आहेत. सरही येतील. त्यांच्यासमोर तोंड उघडून दाढा दाखवायच्या, तिथंच चांगल्या कॅमेऱ्यानं फोटो काढायचे. तोवर पिलाला कुणी हात लावायचा नाही. परीक्षकांनी मान्य केलं तर तुझा प्रोजेक्ट उभा राहिला. नाही केलं तर, मी आत्ताच सांगते, सर तो पास होऊ देणार नाहीत.”

राणी कवट्यांची चित्रं ताडून पाहायला तीन दिवस कोल्हापूरला विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली. जाताना आईला म्हणाली, “सोमवारपतुर पिल्लू नीट ऱ्हायलं पायजे, आये. बाकी काय बी होऊ दे.”

शुक्रवारी कॉलेजला सुट्टी होती. तरी हरणाबाई किल्ल्या घेऊन गेली. दार उघडून नजर टाकली, तशी ती कपाटाकडं धावली. पिलाच्या पायाशी पांढरे पुंजके पडले होते. तिनं कपाट उघडून लोकर फाकवली. आत कसर लागली होती. तांदळाएवढ्या केसाळ अळ्या मुळापाशी वळवळत होत्या. ह्या दोन आठवड्यांत कपाट सारखं उघडलं होतं आणि डांबराच्या गोळ्या उडून गेल्या होत्या. त्या बदलायचं तिचंच काम, आणि आनंदाच्या भरात तेच राहून गेलं होतं.

तिनं राणीला फोन लावला. बंद. ग्रंथालयात फोन बंदच ठेवावा लागतो, हे राणीनं सांगितलेलं. मॅडम लग्नाला साताऱ्याला गेल्या होत्या. त्यांच्या फोनवर नुसती रिंग वाजत राहिली. दहा वाजले, साडेदहा वाजले. हरणाबाई स्टुलावर बसून अळ्यांकडं बघत होती. सोमवार म्हणजे अजून तीन दिवस. तीन दिवसांत कसर कातड्यात शिरली तर ओठ खाईल, तोंड खाईल, दाढा गळतील. केसांचं काय नव्हतं. केसांवर जायचं नसतं, हे राणीच म्हणाली होती.

कळपात एखाद्या मेंढराच्या लोकरीत किडे झाले तर काय करायचं, हे तिला सातव्या वर्षापासून ठाऊक होतं. लोकर कातरायची, करंजीचं तेल चोळायचं, वर देवाचा भंडारा लावायचा. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. उशीर केला की मेंढरू जातं.

ती घरी गेली. ट्रंकेच्या तळाशी बिरदेवाची लोकर कातरायची कातर होती, ती घेतली, तेलाची बाटली घेतली, देव्हाऱ्यातली हळदीची पुडी घेतली. मॅडमनी जुनी कातडी हाताळायला रबराचे मोजे देऊन ठेवले होते, त्या काळी कातड्याला विषारी औषध लावत म्हणून. मोजे घातले तर कातर धरता येईना. तिनं ते काढून ठेवले.

पिलाला फरशीवर गोणपाटावर घेतलं. बिरोबाचं नाव घेतलं आणि सवयीनं त्याचं डोकं गुडघ्याखाली दाबून धरलं, कातरताना मेंढराचं धरतात तसं. मेंढरू खालनं धडपडतं, म्हणून धरायचं. हे धडपडणार नव्हतं, पण हाताला तसंच येत होतं. पोटापासून सुरुवात केली. सतरा-अठरा वर्षांनी हातात कातर आली होती, तरी हात चुकला नाही. लोकर एका पदरात सुटत गेली. खालनं जे निघालं ते बघून ती थांबलीच. करड्या रंगाचे आखूड, चकचकीत केस, आणि त्यावर काळसर ठिपके. पिलाला नवा अंगरखा फुटत होता.

“बघ,” ती पिलालाच म्हणाली. “म्हटलं हुतं का न्हाई?”

मानेवरची लोकर काढताना गुडघ्याखाली काहीतरी कट् करून वाजलं. तिनं पाय काढला. जबड्याच्या आतलं जुनं प्लास्टर फुटलं होतं, आणि तीन दाढा गोणपाटावर पडल्या होत्या.

तिनं कातर बाजूला ठेवली. मग दाढा वेचल्या, पदराच्या टोकानं पुसल्या, कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवल्या. हरवल्या तर नव्हत्या. उलट आता परीक्षकांना आरसा नको, हातात घेऊन बघता येतील, अशी तिनं मनाची समजूत घातली. सगळ्या अंगाला तेल चोळलं, भंडारा लावला. पिल्लू पिवळंधमक झालं. एकही अळी राहिली नव्हती. जावळ टाकून देत नाहीत, म्हणून ती सगळी लोकर तिनं कापडी पिशवीत भरली आणि देवाला वाहायची म्हणून बाजूला ठेवली.

सोमवारी राणी पहाटेच्या गाडीनं कोल्हापूरहून निघाली आणि गाडीला उशीर झाला म्हणून तडक कॉलेजात आली. परीक्षक, हंबीरराव सर आणि रेश्मा मॅडम तिच्याबरोबरच म्युझियमच्या दारात पोचले. हरणाबाई आतच होती. धुतलेलं लुगडं नेसून उभी. फोनवर रविवारी तिनं एवढंच सांगितलं होतं, “कसर लागली हुती, म्या काढली.” राणीनं ते नेहमीचं झाडणं-पुसणं समजून “बरं केलंस” म्हटलं होतं.

राणी कपाटापाशी गेली आणि मागं वळलीच नाही.

“आये,” ती काचेकडंच बघत म्हणाली, “काय केलंस?”

हरणाबाई सांगायला लागली. अळ्या कशा होत्या, फोन कसा लागला नाही, खालनं ठिपके कसे निघाले. बोलता बोलता तिनं मॅडमच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिचं बोलणं आटलं.

हंबीरराव सर चष्मा लावून खाली वाकले. “हळद लागली,” ते म्हणाले. “अक्षता कधी टाकायच्यात?”

हरणाबाईनं कुंकवाची डबी पुढं केली. राणीनं डबी उघडून दाढा परीक्षकांपुढं धरल्या. त्या माणसानं भिंगातून पाहिल्या. “दाढा हार्प सीलच्या दिसतात खऱ्या,” तो म्हणाला. “पण ह्या ह्याच जबड्यातल्या कशावरून?”

“त्यातल्याच की,” हरणाबाई म्हणाली. “म्या वेचल्यात.”

“बाई, तुम्ही हिच्या आई ना?”

“व्हय.”

परीक्षकानं भिंग खिशात ठेवलं. राणीनं मोबाइलमधला फोटो दाखवला, आरशातनं काढलेला, दाढा पडायच्या आधीचा. आरसा हलला होता. फोटोत पांढुरकं काहीतरी दिसत होतं, टोकं मोजता येत नव्हती.

“मी कुणावर आरोप करत नाही,” हंबीरराव सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच शांत होता. “पण ज्या पिलाच्या जातीवर ही मुलगी शंका घेते, नेमके त्याचेच केस जातात, त्याच्याच दाढा पडतात, आणि किल्ली असते हिच्या आईच्या कमरेला. ज्याला केस कापता येतात त्याला दाढा बदलता येत नाहीत का? मी परीक्षक असतो तर हे पिल्लू पुरावा म्हणून हातात घेतलं नसतं.”

परीक्षकानंही घेतलं नाही. त्यानं लिहिलं की नमुन्यात फेरफार झाला आहे, चौकशी व्हावी. फसवणूक ठरली तर राणीला विद्यापीठाच्या परीक्षेलाच बसता येणार नव्हतं. हे मॅडमनी तिला व्हरांड्यात नेऊन सांगितलं आणि त्या रडल्या. राणी रडली नाही.

दुपारी सरांनी हरणाबाईला ऑफिसात बोलावलं. मॅडम बाजूला कागद-पेन घेऊन बसल्या होत्या.

“बस,” सर म्हणाले. सतरा वर्षांत त्यांनी तिला कधी खुर्ची दिली नव्हती. ती उभीच राहिली. “हरणाबाई, तुला इथं मी ठेवली. तुझ्या हातून काही गेलं नाही आजवर. तुला ह्यातलं काय कळतंय? पोरीनं सांगितलं, तू केलंस. तसं लिहून दे. तुझं काम कुणी काढणार नाही. पोरगी तरुण आहे, वर्ष-दोन वर्षांनी दुसरीकडं कुठंतरी लागेल.”

“पोरीनं न्हाई सांगितलं.”

“मग तुला कसं सुचलं?”

“सुचायचं काय त्यात? कसर लागली की कातरायचं.”

“भुसा भरलेल्या जनावराला?”

हरणाबाईनं खाली पाहिलं. मग म्हणाली, “सर, भंडारा द्या हातात. उचलून सांगती.”

“इथं देवधर्म नको. इथं कागद चालतो.”

“मग कागद द्या.”

तिनं सांगितलं, मॅडमनी लिहिलं. मी माझ्या मनानं केलं. माझ्या मुलीला ठाऊक नव्हतं. गोळ्या बदलायच्या माझ्याकडून राहिल्या. जबडा माझ्या गुडघ्यानं मोडला. मॅडमनी तो कागद वाचून दाखवला. सर म्हणाले, “ह्यावर सही केलीस तर पुढचा हुकूम निघायचा नाही. मला मंडळाला उत्तर द्यावं लागतं.” हरणाबाईनं अक्षरं लावत सही केली. बराच वेळ लागला. सर तोवर खिडकीतून बाहेर बघत होते. जाताना तिनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला, कारण पहिल्या दिवशीच्या किल्ल्या अजून तिच्या मनात होत्या. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत आणि आशीर्वादही दिला नाही.

किल्ल्या केरबा शिपायाकडं गेल्या. लोकरीची पिशवी विषारी म्हणून त्यानं चिमट्यानं उचलली आणि मागच्या खड्ड्यात पुरली. हरणाबाईच्या तळव्यांना तोवर बारीक फोड आले होते. डॉक्टरनं विचारलं, कशात हात घातला होता? तिनं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि मलम दिलं.

संध्याकाळी दोघी चालत घरी निघाल्या.

“थांबायचं हुतंस,” राणी म्हणाली. “मला फोन लागंपतुर तरी.”

“कसर थांबत न्हाई, बाय.”

“खाल्लं असतं तरी चाललं असतं. किड्यानं खाल्लं म्हणून कुणी मला लबाड म्हटलं नसतं.”

हरणाबाईला हे सुचलंच नव्हतं. कळपातलं जनावर मरू द्यावं आणि त्यात आपला फायदा असावा, असं तिनं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, “चुकलंच माझं.”

“तुझं समदं खरं हुतं, आये. जावळ, ठिपके, समदं. तेच तर.” राणी पुढं चालायला लागली. “आता ते कुणाला सांगायची सोय ऱ्हायली न्हाई.”

चौकशीत राणीवर ठपका आला नाही. आईच्या कागदामुळं तेवढं वाचलं. प्रोजेक्ट मात्र रद्द झाला. नवा विषय घ्यायचा, म्हणजे अजून एक वर्ष. पुण्याची जागा जूनमध्ये दुसऱ्या कुणाला गेली. रेश्मा मॅडमनी तिला कुंडलकडच्या उसाच्या रानातल्या गांडुळांचा विषय दिला, ज्यात कुणाचं लेबल बदलायचं नव्हतं. हरणाबाई आटपाडीला नानासोच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, परत गेली. आता ती रस्त्यानं चालताना कळपाच्या डाव्या अंगाला राहते आणि ट्रक आला की डोळे मिटून घेते. तळव्यांची कातडी अजून सोलते, म्हणून धार काढायचं काम नानासोनं स्वतःकडं घेतलंय.

राणी दर रविवारी फोन करते. जेवण झालं का, मेंढरं कुठं बसली, एवढंच बोलणं होतं. कॉलेजचं ती काढत नाही आणि हरणाबाई विचारत नाही. भाद्रपदातल्या एका रविवारी मात्र राणीनं आपणहून सांगितलं.

“म्युझियमची नवी यादी निघाली, आये. विद्यापीठाची समिती यायची हाय म्हणून. मॅडमनी मलाच टाईप कराय दिली. बाकी कुणाला ती नावं येत न्हाईत.”

“मग?”

“मादीचं नवं नाव लिवलं. पॅगोफिलस. ते समद्यांस्नी पटलंय.”

“आन् पिलाचं?”

“मंडळाचा ठराव हाय, जुनी लेबलं कायम. हॅलिकीरस ग्रायपस. फुडं लिवलंय, खराब अवस्था.”

“तू लिवलंस?”

“म्याच लिवलं.”

मेंढरं रवंथ करत बसली होती. नानासो चुलीपाशी भाकरी मोडत होता. हरणाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“सही करावी लागली काय तुला त्याच्यावर?”

“व्हय. तयार करणार म्हणून खाली नाव लागतं.”

“बरं,” हरणाबाई म्हणाली. “सकाळी कुठं जायचंय?”

“कुंडलला. माती उकराय.”

“मग टोपी घिऊन जा. ऊन लय हाय.”

“व्हय,” राणी म्हणाली, आणि फोन ठेवला.